न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर: आतला पदार्थ किती ताठ आहे, हे कसं कळतं?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला: दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे आक्रसलेले, बहुतांश न्यूट्रॉनांचे गाभे) आदळले की सगळ्याचा चुराडा होतो, मग त्या चुराड्यावरून आधीच्या पदार्थाचा स्वभाव कसा ओळखतात? दुसरा: २०१७च्या टकरीनंतर ‘ताऱ्याच्या पोटात क्वार्कचा (न्यूट्रॉन-प्रोटॉन ज्यांचे बनलेले असतात त्या कणांचा) पदार्थ सापडला’ अशा अर्थाचं बरंच काही वाचायला मिळतं, त्यात तथ्य किती? मी गुरुत्वीय लहरींच्या (जड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशात उठणाऱ्या तरंगांच्या) नोंदींवरून ताऱ्यांचे गुणधर्म काढण्याचं काम करतो, त्यामुळे पहिल्या भागावर जरा जास्त रेंगाळेन. दुसऱ्याचं उत्तर त्याच वाटेवर मिळेल.

आधी एक समजूत दुरुस्त करू. या टकरींतून आजवर जी सर्वात भरवशाची माहिती हाती लागली आहे ती टक्कर झाल्यानंतरची नाही, टक्कर होण्यापूर्वीची आहे. तारे एकमेकांना टेकण्याआधी, एकमेकांच्या ओढीनं किती दबतात-ताणले जातात, हे आपण मोजलं. त्यानंतरच्या क्षणांचा आवाज अजून कुणाच्याही उपकरणात स्पष्ट उमटलेला नाही.

आता मुळापासून. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान १२ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवलं, तर सरासरी घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे ३८ कोटी टन येते. शिसं असो की सोनं, कुठल्याही जड अणूच्या केंद्रातली घनता याहून थोडी कमी, घन सेंटिमीटरला साधारण २७ कोटी टन असते. म्हणजे अख्खा तारा सरासरीनंच अणुकेंद्रापेक्षा घन, आणि गाभा तर त्याच्या दुपटी-तिपटीवर. सर्वात जड ताऱ्यांच्या मध्यभागी हा आकडा पाच-सहा पटींपर्यंत जात असावा. इतक्या घनतेचा थंड पदार्थ प्रयोगशाळेत बनवून बाजूला ठेवता येत नाही. ‘थंड’ हा शब्द इथे जरा सैल वाटेल, कारण ताऱ्याचा गाभा कोट्यवधी अंश तापलेला असतो. पण या घनतेला न्यूट्रॉनांची पुंजयांत्रिक ऊर्जा उष्णतेच्या ऊर्जेपेक्षा इतकी मोठी असते की तापमानाचा दाबावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. हिशोबापुरता तो पदार्थ थंडच.

आम्ही ज्याच्या मागे असतो त्याला अवस्था समीकरण म्हणतात: अमुक घनतेला दाब किती, एवढाच प्रश्न. घनता वाढली की दाब झपाट्यानं वाढत असेल तर पदार्थ ताठ, सावकाश वाढत असेल तर मऊ. आइनस्टाइनचं गुरुत्व लावून हे समीकरण सोडवलं की प्रत्येक वस्तुमानाला ताऱ्याची त्रिज्या किती आणि जास्तीत जास्त वस्तुमान किती पेलेल, हे ठरून जातं. १९३९मध्ये ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी हा हिशोब पहिल्यांदा केला, तेव्हा न्यूट्रॉन एकमेकांवर कसलंच बल लावत नाहीत असं धरलं होतं. कमाल वस्तुमान सूर्याच्या ०.७ पट आलं. प्रत्यक्षात सापडणारे तारे त्याच्या दुप्पट-तिप्पट जड आहेत. याचा सरळ अर्थ असा, की ताऱ्याला तोलून धरण्यात न्यूट्रॉनांमधल्या प्रबळ बलाचा (अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाचा), विशेषतः अगदी जवळ आल्यावरच्या अपकर्षणाचा, मोठा वाटा आहे. ते अपकर्षण नेमकं किती, इथेच गाडी अडते. प्रबळ बलाची मूळ समीकरणं आपल्याला ठाऊक आहेत, पण ती महासंगणकावर सोडवण्याची नेहमीची पद्धत या घनतेला चालत नाही. अणुकेंद्राच्या घनतेच्या दुपटीपर्यंत एक सिद्धांत बऱ्यापैकी विश्वासानं वापरता येतो, चाळीसेक पटींच्या पुढे दुसरा. ताऱ्याचा गाभा या दोन्हींच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात पडतो.

म्हणून टक्कर महत्त्वाची. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावतात आणि जवळ येत जातात. दूर असताना दोघंही बिंदूसारखे वागतात. अगदी जवळ आल्यावर मात्र प्रत्येकाची ओढ दुसऱ्यात भरती आणते: जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, आणि तारा किंचित लांबट होतो. हा लांबटपणा आणायला ऊर्जा लागते, ती कक्षेच्या गतीतूनच जाते. शिवाय लांबट ताऱ्यांची जोडी लहरीही थोड्या जास्त जोरानं सोडते. परिणाम असा की तारे न दबणाऱ्या बिंदूंपेक्षा थोडे लवकर एकमेकांत विलीन होतात. मोठा, सैल तारा जास्त दबतो, लहान आणि घट्ट तारा कमी. कृष्णविवराच्या बाबतीत हा दबण्याचा आकडा शून्य असतो.

१७ ऑगस्ट २०१७ला, जागतिक वेळेनुसार दुपारी १२ वाजून ४१ मिनिटांनी, हे पहिल्यांदा नोंदीत आलं. घटनेचं नाव जीडब्ल्यू १७०८१७. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन वेधशाळा आणि इटलीतली व्हर्गो, अशा तिन्ही चालू होत्या. २४ हर्ट्झला लहर ऐकू येऊ लागली तेव्हा तारे एकमेकांपासून जवळपास ४०० किलोमीटरवर होते आणि सेकंदाला १२ फेऱ्या मारत होते. पुढच्या शंभरेक सेकंदांत लहरीची सुमारे ३,००० आवर्तनं झाली आणि शेवटी वारंवारता हजार हर्ट्झच्या पलीकडे गेली.

या ३,००० आवर्तनांपैकी बहुतेक सगळी फक्त वस्तुमान सांगतात. दोन वस्तुमानांचा एक ठरावीक संयोग असतो, वारंवारता किती वेगानं चढते ते त्यावर ठरतं, आणि तो संयोग या घटनेत अत्यंत काटेकोर मिळाला: सूर्याच्या १.१९ पटींच्या आसपास. एकूण वस्तुमान २.७४ पट. भरतीचा परिणाम मात्र चारशे-सहाशे हर्ट्झच्या वर गेल्याशिवाय दिसण्याजोगा होत नाही, आणि सहाशे हर्ट्झ ओलांडल्यावर ताऱ्यांकडे जेमतेम दोन शतांश सेकंद उरलेले असतात. तेवढ्या वेळात साठणारा फरक साधारण एखाद्या आवर्तनाच्या आसपासचा. तीन हजारांत एक! आणि नेमक्या याच वारंवारतांना उपकरणातला गोंगाट वाढत जातो, कारण तिथे लेसरच्या प्रकाशकणांच्या संख्येतली चढउतार आड येते.

त्यात एक गंमत झाली होती. विलयाच्या १.१ सेकंद आधी लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत एक मोठा खरखराट आला. स्वयंचलित छाननीनं त्यामुळे लिव्हिंग्स्टनची नोंद बाजूला टाकली आणि पहिली सूचना एकट्या हॅनफर्डच्या जोरावर निघाली. लोकांनी लिव्हिंग्स्टनचा वारंवारता-वेळ आलेख उघडून पाहिला, तर खरखराटाच्या मागून लहरीची चढती रेघ डोळ्यांना सरळ दिसत होती. नंतर खरखराटाचं स्वतंत्र गणिती रूप बांधून तो वजा केला गेला. त्या क्षणी लहर १३० हर्ट्झच्या आसपास होती, म्हणजे भरतीची माहिती अजून यायची होती. हाच खरखराट एक सेकंद उशिरा आला असता तर ताऱ्याच्या आकाराबद्दल आज आपण बरंच कमी बोललो असतो.

आता मोजमापातली खरी मेख. दबण्याचा आकडा त्रिज्येच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलतो. वस्तुमान तेच ठेवून त्रिज्या ११ची १३ किलोमीटर केली तर आकडा निव्वळ या घातामुळे २.३ पट होतो. हे आमच्या फायद्याचं आहे, कारण उलट दिशेनं पाहिलं तर दबण्याच्या आकड्यात दुपटीची अनिश्चितता असली तरी त्रिज्येत ती जेमतेम १५ टक्के उरते. १.४ सूर्यवस्तुमानाच्या ताऱ्यासाठी २०१८च्या विश्लेषणात हा आकडा सुमारे १९० आला, वरची मर्यादा ५८०. ऐकायला ढिसाळ वाटतं. पण तेवढ्यावर १४-१५ किलोमीटर त्रिज्या देणारी कित्येक ताठ समीकरणं बाद झाली, आणि माझ्या मते या घटनेचं पदार्थविज्ञानातलं सर्वात पक्कं योगदान हेच आहे: पदार्थ फार ताठ नाही.

मग मऊ किती? हे लहर स्वतःच्या बळावर नीट सांगू शकत नाही. तारे अगदीच लहान असते तर दबणं शून्याच्या जवळ गेलं असतं, आणि ‘थोडंसं’ व ‘अजिबात नाही’ यांत फरक करण्याइतकी ती नोंद स्वच्छ नव्हती. खालची बाजू बंद केली ती पल्सारांनी, म्हणजे फिरताना नियमित स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांनी. २०१०मध्ये एका पल्सारचं वस्तुमान सूर्याच्या जवळपास दुप्पट निघालं. त्याच्या स्पंदांना श्वेतबटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा लहान, घन अवशेष) जोडीदाराच्या जवळून येताना होणारा उशीर मोजून हे ठरवलं होतं. २०१३मध्ये दुसरा मिळाला, २.०१ पट. सध्या भरवशाच्या मोजमापांत जे०७४०+६६२० हा पल्सार २.०८ पटीवर आहे. एवढं ओझं पेलायचं तर गाभ्यातला पदार्थ फार मऊ असून चालत नाही.

दोन्ही बाजू एकत्र आणल्यावर काय होतं ते आकड्यांतच पाहा. फक्त लहरींची नोंद घेतली आणि दोन्ही ताऱ्यांत एकच पदार्थ आहे एवढंच धरलं, तर त्रिज्या १०.८ किलोमीटरच्या आसपास येते. ‘हेच समीकरण १.९७ सूर्यवस्तुमानाचा ताराही पेलू शकलं पाहिजे’ ही एक अट वाढवली, की तीच नोंद ११.९ किलोमीटर सांगते, मागेपुढे १.४. नोंदीत एक बिंदूही बदललेला नाही. त्यामुळे ‘लायगोनं त्रिज्या मोजली’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणती अट घालून? तोच प्रकार ताऱ्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा. ते हळू फिरत असावेत असं धरलं तर २०१७च्या जोडीची वस्तुमानं १.१७ ते १.६० या पट्ट्यात बसतात. हे बंधन सैल केलं तर पहिल्या विश्लेषणात पट्टा थेट ०.८६ ते २.२६ इतका फाकला होता. आपल्या दीर्घिकेतल्या अशा जोड्या हळूच फिरताना दिसतात, म्हणून पहिलं गृहीतक मला वाजवी वाटतं, पण ते गृहीतक आहे.

यानंतर आली नायसर ही क्ष-किरण दुर्बीण, २०१७पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेली. पल्सारच्या पृष्ठभागावरचे तप्त डाग फिरताना त्यांचा प्रकाश ताऱ्याच्या गुरुत्वानं किती वाकतो, त्यावरून ती त्रिज्या काढते. तिच्या पहिल्या पल्सारची त्रिज्या १३ किलोमीटरच्या जवळ आली, नंतरच्या एकाची साडेअकराच्या आसपास, दोन्ही १.४ सूर्यवस्तुमानाच्या घरातले. आणि २.०८ पट जड असलेल्या जे०७४०चीही त्रिज्या वेगवेगळ्या गटांच्या विश्लेषणात साडेबारा ते पावणेचौदा किलोमीटर निघाली.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. दीडपट वजन चढलं तरी तारा आक्रसत नाही. म्हणजे अणुकेंद्राच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जाताना दाब जोरात चढतो. दाब कसा चढतो हे पदार्थातल्या ध्वनीच्या वेगावरून सांगता येतं: ताठ पदार्थात ध्वनी वेगानं जातो. अतिप्रचंड घनतेला, जिथे क्वार्क जवळपास मोकळे वागतात, तिथे ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ५८ टक्क्यांकडे, तोही खालून, जायला हवा असं सिद्धांत सांगतो. पण लहरी म्हणतात तसा पदार्थ कमी घनतेला मऊसर असेल आणि तरीही दोन सूर्यांचं ओझं पेलत असेल, तर मध्ये कुठेतरी ध्वनीचा वेग ही ५८ टक्क्यांची पातळी ओलांडून वर गेला पाहिजे, आणि मग पुढे पुन्हा खाली आला पाहिजे. साध्या न्यूट्रॉन-प्रोटॉनांच्या चित्रात वेग नुसता चढत जातो. तो शिखर गाठून उतरत असेल तर पदार्थाची घडण बदलते आहे, असा संशय घ्यायला जागा आहे.

क्वार्कच्या बातम्यांचा उगम इथे आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं दाखवलं होतं, की सर्वात जड ताऱ्यांच्या गाभ्यातला पदार्थ न्यूट्रॉनांपेक्षा क्वार्क-पदार्थासारखा वागतो असं मानणं निरीक्षणांशी जास्त जुळतं. काम चांगलं आहे. पण ‘जास्त जुळतं’ आणि ‘सापडला’ यांत मोठं अंतर आहे, आणि २०१७च्या टकरीत तर सर्वात जड तारे नव्हतेच. तिथल्या ताऱ्यांचा गाभा अणुकेंद्राच्या दोन-तीन पट घनतेच्या पुढे फारसा गेला नसणार. तेव्हा दुसऱ्या भागाचं उत्तर: नाही, सापडलेला नाही. शक्यता बंदही झालेली नाही. न्यूट्रॉनांचं रूपांतर हायपेरॉन नावाच्या जड कणांत होत असावं, ही जुनी कल्पना उलट जास्त अडचणीत आहे, कारण ते कण आले की पदार्थ मऊ पडतो आणि दोन सूर्यांचं ओझं पेलणं अवघड होतं.

आता प्रकाशाकडे. २०१७च्या विलयानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहानं गॅमा किरणांचा छोटा स्फोट टिपला, आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या स्वोप दुर्बिणीनं सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. ही किलोनोव्हा: बाहेर फेकलेल्या न्यूट्रॉनबहुल पदार्थात जड मूलद्रव्यं तयार होतात आणि त्यांच्या किरणोत्सारी क्षयानं तो ढग चमकतो. सोनं-प्लॅटिनमची चर्चा इतकी झाली आहे की मी ती सोडून देतो. घन पदार्थाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की फेकलेला पदार्थ सूर्याच्या साधारण पाच शतांश भरला. टक्कर होताक्षणी सगळं कृष्णविवरात गडप झालं असतं तर एवढा माल बाहेर पडणं कठीण होतं. म्हणजे मधला जड, वेगानं फिरणारा गोळा काही काळ तरी तग धरून होता. दुसरीकडे, तो कायमचा टिकला असता तर त्याच्या फिरण्याची प्रचंड ऊर्जा स्फोटात उतरली असती, आणि तसं दिसलं नाही. या दोन टोकांवरून अनेकांनी न फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची कमाल मर्यादा सूर्याच्या २.२ ते २.३ पटींच्या आत काढली आहे. तर्क मला पटतो, पण याला मोजमाप म्हणू नये. तो गोळा कोसळताना कुणी पाहिलेला नाही, आणि बाहेर पडणाऱ्या पदार्थाचं गणित चुंबकीय क्षेत्र व न्यूट्रिनो कसे हाताळले यावर बरंच हलतं. २०१९मध्ये एका घटनेत २३ सूर्यवस्तुमानाच्या कृष्णविवराबरोबर २.६ पटींची एक वस्तू आढळली. वरची मर्यादा खरी असेल तर तीही कृष्णविवरच असणार. दबण्याचा काहीच मागमूस नोंदीत नसल्यानं लहरींवरून निवाडा होत नाही.

२५ एप्रिल २०१९ची दुसरी टक्करही अशीच हुरहुर लावणारी. एकूण वस्तुमान ३.४ पट, आपल्या दीर्घिकेतल्या कुठल्याही ज्ञात जोडीपेक्षा जड. पण अंतर पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या वर, हॅनफर्ड बंद, प्रकाश कुठेच सापडला नाही. शिवाय जड तारे घट्ट असतात, कमी दबतात. पदार्थाबद्दल तिनं जवळपास काहीच सांगितलं नाही.

पृथ्वीवरचे प्रयोग याच समीकरणाच्या कमी घनतेच्या टोकाला हात घालतात. शिशाच्या अणुकेंद्राभोवती न्यूट्रॉनांचा पातळ थर असतो. तो जाड असेल तर न्यूट्रॉन-पदार्थाचा दाब जास्त, म्हणजे तारा मोठा. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेनं २०२१मध्ये तो ०.२८ फेम्टोमीटर (साधारण प्रोटॉनच्या आकाराच्या घरातलं एकक) सांगितला, जाड म्हणावा असा. पुढच्या वर्षी तिथल्याच प्रयोगानं कॅल्शियमचा थर पातळ सांगितला. दोन्ही एकाच सिद्धांतात नीट बसवणं कठीण जातं. जर्मनीत डार्मश्टाटला सोन्याची अणुकेंद्रं आदळवतात तेव्हा घनता आणि तापमान विलयाच्या जवळचं मिळतं, पण सोन्यात चाळीस टक्के प्रोटॉन असतात आणि ताऱ्यात दहाएक टक्के किंवा त्याहूनही कमी, ही तफावत सिद्धांतानंच भरून काढावी लागते.

उरतो तो टक्कर झाल्यानंतरचा काळ. तारे टेकले की तापमान पन्नासेक हजार कोटी अंशांच्या घरात जातं, आता पदार्थ हिशोबापुरताही थंड राहत नाही, आणि घनता टकरीपूर्वीच्या गाभ्यापेक्षा वर चढते. नवा गोळा लांबट असतो, थरथरत फिरतो आणि दोन ते चार हजार हर्ट्झची लहर सोडतो. २०१७च्या नोंदीत ती शोधली, मिळाली नाही. त्या वारंवारतेला उपकरणांची संवेदनशीलता तेवढी नव्हती. युरोपातली नियोजित आइनस्टाइन दुर्बीण आणि अमेरिकेतला कॉस्मिक एक्सप्लोरर या पुढच्या लहर-वेधशाळांचा एक मोठा उद्देश हाच आहे. परीक्षाही ठरलेली आहे. टकरीपूर्वीच्या दबण्यावरून नंतरच्या थरथरीची वारंवारता किती असेल याचा अंदाज नेहमीच्या समीकरणांतून बऱ्यापैकी बांधता येतो. प्रत्यक्षात ती त्या अंदाजापेक्षा शे-दोनशे हर्ट्झनं, कदाचित जास्तीनंही, वर निघाली, तर नवा गोळा अपेक्षेपेक्षा घट्ट आहे, म्हणजे टकरीत घनता वाढताच पदार्थ एकाएकी मऊ पडला आहे. न्यूट्रॉन विरघळून क्वार्क मोकळे झाल्याचा दावा करायला माझ्या दृष्टीनं एवढा पुरावा लागेल, आणि तोही एकापेक्षा जास्त टकरींत.